उचकीची पहिली तबकडी

रविवार, १८ नोव्हेंबर १९७३. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भालचंद्रने टेपरेकॉर्डर बंद केला. ‘उचकी’ या विनोदी रॉक बँडचं आठवं आणि शेवटचं गाणं पुरं झालं होतं.

बँड तिघांचा. कालिंदी ड्रम बडवायची; रेकॉर्डिंग तिच्याच घरी, खिडक्यांना रजया लावून चाललं होतं. गायचा श्यामकांत. बँकेतल्या वडिलांची बदली झाली म्हणून तो दोन वर्षांपूर्वी नागपूरहून कलकत्त्याला आलेला. भालचंद्र इथलाच, त्याचं मराठी घरात बोलण्यापुरतं. गिटार वाजवून गाणीही तोच लिही, एकेका यमकाशी आठवडाभर झटे. कार्यक्रमात मात्र वाद्यं थांबली की श्यामकांत सहज काहीतरी पुटपुटे, आणि लोक हसत ते त्याला. तो हशा भालचंद्रला सोसत नसे.

वाद्यं आणि श्यामकांतचं गाणं आधी एका टेपवर घ्यायचं, मग ते वाजवत, भालचंद्रचा आवाज मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवायचं, अशी रीत होती. पहिली टेप पुसून पुढच्या गाण्याला वापरायची. मिसळताना बटण भालचंद्रच्या हाती. श्यामकांत पुटपुटला की तो आवाज खाली करी. आठही गाण्यांत त्याने तेच केलं.

संध्याकाळी तिघांनी टेप ऐकली. कालिंदीच्या कपाळाला आठी पडली.

“श्यामकांत, तुझं मधलं बोलणं कुठे गेलं रे?”

“मीच माइकपासून लांब उभा असणार,” श्यामकांत म्हणाला. “भालू ओरडत होता, जवळ ये म्हणून. आम्ही ऐकतोय कुणाचं?”

भालचंद्र असं काही ओरडला नव्हता. त्याने टेप गुंडाळायला घेतली.

मग श्यामकांतने सांगितलं, बाबांची पुन्हा बदली झाली, शुक्रवारी मद्रासची गाडी. आणि तबकडीच्या वेष्टणाच्या कागदावर सगळ्यात वर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: गीत आणि संगीत, भालचंद्र. ते पाहून भालचंद्रला जास्तच राग आला. याला मोठेपणाही फुकट जमतो.

सोमवारी त्यानेच टेप डमडमच्या रेकॉर्ड कारखान्यात तबकड्या काढायला दिली. बुधवारी तो परत तिथे गेला आणि काम थांबवा म्हणाला. श्यामकांत गावात आहे तोवर गाणी त्याच्या बोलण्यासकट पुन्हा घेता आली असती. कारकुनाने कारण विचारलं. भालचंद्रने आवाज नीट नाही एवढंच सांगितलं. साहेब उद्या येतील, असं उत्तर मिळालं.

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत साहेब आले नव्हते. श्यामकांतच्या घरी सामान बांधणं चालू होतं, आणि भालचंद्र डमडमच्या बाकावर बसून होता. त्याने अजून कुणालाच काही सांगितलं नव्हतं.