आठव्या ओळीपासून

तिने जाळीच्या एका घरात सुरीचं टोक घातलं आणि चिकटा खरवडला. तो सुटला नाही, नुसता ताणला गेला. सुरीवरून एका बोटावर आला, त्या बोटावरून दुसऱ्यावर, आणि वास असा की विस्तवात कुणी केसांचा गुंता टाकला असावा. लेझर मशीनमध्ये लाकडाखाली ठेवायची ही ॲल्युमिनियमची जाळी नवी आणली तेव्हा लखलखत होती. तीन महिन्यांच्या धुराने तिच्या घराघरात काळा शेंबूड भरून ठेवला होता. दुसरा कुठला शब्दच तिला सुचेना.

शेजारच्या टेबलावर पाळणाघरातून परत आलेलं खोकं होतं. आत दोनशे लाकडी तुकडे: मासे, पानं, चंद्र, हत्ती. वरून एकेक देखणा, पण पालथा केला की पाठीवर जाळीचा तपकिरी छाप आणि जळका वास.

"मुलं हे तोंडात घालतात हो," पाळणाघराच्या बाई म्हणाल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. "नऊ-दहा महिन्यांची मुलं. सगळं आधी तोंडात. सोमवारी दुपारपर्यंत स्वच्छ देता आलं तर बघा. नाहीतर मला दुसरीकडे सांगावं लागेल."

दोन वर्षं ती ओळखीपाळखीच्यांच्या दारावरच्या पाट्या कापत होती. हे पहिलं परक्या माणसाने सांगितलेलं काम. ते गेलं की मशीनवर चादर पडणार, चादरीवर इस्त्रीचे कपडे, आणि नवरा एका शब्दाने बोलणार नाही. त्याचं ते न बोलणंच तिला नको होतं.

पाठीमागून घसा खाकरल्याचा आवाज आला. खोलातून सुरू होऊन वर येणारा, वर आल्यावर तोंडात थांबणारा. तिचे खांदे आपोआप आवळले. आता उठतील, बेसिनशी जातील, नळ अर्धाच सोडतील, आणि मागे काय राहील ते तिने बघायचं.

सासरे उठले नाहीत. ते गिळून म्हणाले, "जाळी फेकून दे."

"आणि लाकूड कशावर ठेवू? हवेत?"

"जवळजवळ हवेतच. टेकतं तिथे डाग पडतो, तर टेकायला जागाच ठेवायची नाही. खिळे उभे करायचे, टोकं वर. टोकांवर लाकूड. धूर खाली मोकळा पडेल, उलटा यायचा नाही."

असली खिळ्यांची गादी तिने फोनवर कुणाच्या तरी चित्रफितीत पाहिली होती. म्हाताऱ्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच तिला राग आला.

"मी करून देतो," ते म्हणाले. "शनिवारपर्यंत आहेच मी."

शनिवारी नणंद येणार होती त्यांना न्यायला. बोलताना सगळे महिनाभर म्हणत होते आणि महिनाभर म्हणजे किती ते सगळ्यांना माहीत होतं. तिनेच नवऱ्याला सांगितलं होतं. मशीनची खोली आणि सासऱ्यांची खोली एकच होती, आणि तिला आता सहन होत नव्हतं. कामाच्या टेबलावर कापलेली नखं. पाण्याच्या पेल्यात हसणारी कवळी. चहाचा तो ओढून घेतलेला भुरका, ज्याने तिच्या मानेवरचे केस उभे राहत. गेल्या आठवड्यात एका पाटीच्या वार्निशवर तिला थुंकीचा बारीक शिंतोडा वाळलेला सापडला होता, तेव्हा ती गॅलरीत जाऊन उभी राहिली होती. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

चौतीस वर्षं ते कारखान्यात फिटर होते. बुधवारी त्यांनी प्लायवूडवर चौकटी आखल्या: बारा ओळी, ओळीत पंधरा. वर पत्रा ठोकला, ड्रिलने आरपार भोकं पाडली, खालून खिळे सरकवले आणि डोकी दाबून धरायला दुसरी फळी मागून स्क्रूने आवळली. एकशे ऐंशी टोकं वर आली. ती सगळी एका उंचीची करायला ते कानस घेऊन बसले. कानस धरताना त्यांचे हात थरथरत नव्हते, एरवी कप धरताना थरथरायचे. ती येताजाता बघायची. गुरुवारी त्यांनी खिडकीची जुनी काच टोकांवर ठेवून चार कोपरे दाबले. काच हलली नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"उंचीचं झालं. आता कूस काढायची. कानस मारली की टोकाच्या कडेला केसाएवढी कूस राहते. दिसत नाही. पण लाकूड सरकवलं की ओरखडा काढते."

शुक्रवारी सकाळी ती चहा घेऊन आत गेली आणि दारातच थांबली.

कवळी टेबलावर होती. पेल्यात नाही, वाटीत नाही, तिच्या आखणीच्या स्वच्छ कागदावर, ओली. सासरे फळीवर वाकले होते. दोन्ही गाल आत गेलेले, तोंड उघडं, आणि जीभ बाहेर. ती जीभ एका खिळ्यावर गेली, टोकाभोवती फिरली, मागे आली. मग त्यांनी बारीक पॉलिश पेपरचे दोन हात त्या खिळ्यावर मारले आणि पुन्हा जीभ लावली. पुढचा खिळा. मागच्या सगळ्या ओळी ओल्या चमकत होत्या.

कप तिने कुठे ठेवला ते तिला नंतर आठवलं नाही.

"काय करताय तुम्ही?"

"कूस बघतोय." कवळीशिवाय शब्द फसफसले. त्यांनी उजव्या हाताची बोटं वर करून दाखवली. "ह्यांना काही कळत नाही आता. ग्राइंडरने मेली ती. जीभ अजून—"

"त्याच्यावर मुलांच्या वस्तू ठेवायच्यात मला." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तोंडात घालायच्या वस्तू. आणि तुम्ही थुंकी फासताय त्याला. शी. शिसारी येते हो मला. तीन वर्षं रोज येते."

सासऱ्यांनी जीभ आत घेतली. बोटाने ओठ पुसला. मग कागदावरची कवळी उचलून तोंडात बसवली, टक् असा आवाज झाला, आणि तो आवाजसुद्धा तिला नको झाला.

"सात ओळी झाल्यात," ते म्हणाले. "आठवीपासून राहिलंय."

"राहू दे."

तिने फळी उचलून गॅलरीत नेली. अर्धी बाटली स्पिरिट ओतून ती एकेक खिळा पुसत बसली. तोंडावर ओढणी बांधली होती तरी दोनदा उमासा आला. पुसून झाल्यावर तिने हात कोपरापर्यंत धुतले आणि आखणीचा कागद चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

शनिवारी नणंद आली. दाराशी चपला घालताना सासऱ्यांनी एका हाताने भिंत धरली होती. नणंदेने विचारलं, "बाबा, काही राहिलं का?" ते सुनेकडे बघून म्हणाले, "आठव्या ओळीपासून." नणंदेला वाटलं म्हातारपणी काहीतरी बरळतायत.

"बघते मी," सून म्हणाली. ते गेल्यावर तिने दार लावलं आणि आधी खोलीच्या खिडक्या उघडल्या. खाट काढून तिथे तुकडे सुकवायचा घोडा ठेवायचा तिचा बेत होता.

रविवारी सकाळी तिने लाकडाची पहिली फळी खिळ्यांवर सरकवून मशीन सुरू केलं. धूर खाली पडला, पंख्याने ओढून नेला. पहिला मासा तिने पालथा केला तेव्हा पाठ पोटाइतकीच पांढरी होती. तिने तो नाकाला लावला. नुसतं लाकूड. ती खुर्चीत बसली आणि एकटीच हसली. तासाभरात पन्नास तुकडे झाले. मग पॉलिश करायला म्हणून तिने एक चंद्र हातात घेतला, आणि अंगठ्यात काहीतरी घुसलं.

पाठीवर ओरखडा होता, केसाएवढा. त्याच्या काठाने लाकडाचा धागा उभा राहिला होता. तिने दुसरा तुकडा बघितला, तिसरा बघितला. डाव्या बाजूला कापलेले सगळे गुळगुळीत. उजव्या बाजूच्यांपैकी निम्म्यांना ओरखडे. डावीकडे पहिल्या सात ओळी होत्या.

तिने उजवीकडच्या टोकांवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. कापूस फिरवला, तर तो सगळ्यांनाच अडकला. भिंग आणलं. सगळ्यांवर पुन्हा पॉलिश पेपर मारला, पुन्हा लाकूड सरकवलं, तर ओरखडे जागा बदलून आले. नवरा दारात येऊन उभा राहिला.

"बाबांना फोन करू का?" त्याने विचारलं.

"नको."

"नुसतं विचारायला."

"नको म्हटलं ना."

फक्त सात ओळींवर कापलं तर अर्धीच जागा, आणि लहान फळ्या तिच्याकडे नव्हत्या. फळी पुढे सरकवायची म्हटली की ती उजवीकडच्या खिळ्यांवरून जाणारच. अंगठ्यातली सल काढायला तिने सुई घेतली, आणि ती सल कुठल्या मुलाच्या ओठात गेली असती याचा विचार तिच्या मनात आला. मग तो जाईना.

सोमवारी सकाळी नवरा कामावर गेला. तिने दाराची कडी लावली. घरात कुणी नव्हतं, तरी खिडकीचा पडदाही ओढला. खिळ्यांची फळी टेबलावर घेतली. आठवी ओळ, पहिला खिळा. ती वाकली, सरळ झाली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, परत आली.

मग डोळे मिटून तिने जीभ लावली.

लोखंडाची चव आली, तिच्यामागून काजळीची, तिच्यामागून स्पिरिटची कडू, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी सासऱ्यांचं तोंड आहे असं तिला वाटलं. घशाशी आलं. तिने फडक्यात थुंकलं. स्वतःचंच फडकं बघून तिला किळस आली. दुसऱ्या खिळ्याला मात्र काही लागलं नाही, तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला लागलं. इतकं बारीक की बोटाला ते आयुष्यात कळलं नसतं, आणि जिभेला असं स्पष्ट की तिने डोळे उघडले. टोकाच्या एका बाजूला, दाराकडच्या. तिने पॉलिश पेपरचे दोन हात मारले आणि पुन्हा जीभ लावली. अजून होती. आणखी एक हात, आता नाही.

पाच ओळी, पंच्याहत्तर खिळे. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण दर खिळ्यानंतर थुंकायचं विसरलोय. लाळ हनुवटीवर आली होती ती तिने बाहीने पुसली आणि पुढे सरकली. अकरा खिळ्यांना कूस निघाली. फळी स्पिरिटने पुसली, वाळवली, आणि बाई यायच्या आत उरलेलं सगळं कापून झालं. ओरखडेवाले तुकडे तिने खोक्यात घातले नाहीत, ते नव्याने कापले.

पाळणाघराच्या बाईंनी मूठभर तुकडे पालथे करून पाहिले, अंगठा फिरवला, एक गालाला लावला. "आता कसं," म्हणाल्या आणि खोकं उचललं. जाताना दुसऱ्या शाखेसाठी किती दिवसांत देता येतील ते विचारून गेल्या.

तिने चार वेळा चूळ भरली. चव गेली नाही. सुकवायचा घोडा अजून गॅलरीतच होता आणि खाट जागेवर. ती खाटेच्या कडेवर बसली तेव्हा फोन वाजला. नणंदेचा नंबर, आवाज सासऱ्यांचा.

"नेलं का त्यांनी?"

"नेलं. आवडलं."

"ओरखडे?"

"आले होते आधी. अकरा खिळे होते."

"अकरा." ते मनात ओळी मोजत असावेत. "आणि कशाने बघितलेस?"

तिने हातातल्या फडक्याकडे बघितलं. ते काळं झालं होतं.

"बोटाने," ती म्हणाली.

पलीकडून तो आवाज आला, खोलातून सुरू होऊन वर येणारा. तिने सवयीने फोन कानापासून लांब धरला, आणि पुढचं ऐकू येणार नाही म्हणून परत जवळ घेतला.

"बोटाला नाही कळत ते," सासरे म्हणाले.

"नाही कळत," ती म्हणाली.