खाजणातलं भरलेलं तळं

आमच्या ह्यांना इंटरनेटवर पहिली शिवी बसली ती दोन हजार सालच्या दत्तजयंतीनंतर. ती वाचून दाखवताना फैझानची जीभ अडखळली.

"काकी, जाऊ दे ना. गुरुजींना मंदीवाल्यांचं भाडोत्री तोंड म्हटलंय."

"पुढे वाच," हे म्हणाले.

फैझान आमच्या शेजारच्या गफूरभाईंचा मुलगा. मारुती मंदिराजवळ त्याचं सायबर कॅफे होतं, आणि शाळा सुटली की हे तिथे जाऊन बसत. हे शाळेत गणित शिकवतात आणि कीर्तन करतात. मी मागे उभी राहून साथ धरते, म्हणजे ध्रुपद आळवते, आणि खरं सांगायचं तर ऐकत राहते. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांचा पूर्वरंग सुरू झाला की घर, चूल, सगळं विसरायला होतं.

त्या वर्षी दत्तजयंतीचं कीर्तन केळशीजवळच्या एका वाडीत होतं. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला आपल्याकडे खाजण म्हणतात. त्या खाजणात 'सागरसुवर्ण' नावाच्या कंपनीची कोलंबीची तळी होती. माल परदेशी जातो, असं कंपनी सांगायची, आणि शेअर वर्षभर नुसता चढत होता. आम्ही रस्त्याने जाताना पाहिलं तर तळी कोरडी. तळाची माती भेगाळलेली, कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं केलेली.

ह्यांनी रत्नागिरीला परतल्यावर शेअरबाजाराच्या मेसेज बोर्डावर तसं लिहिलं. खाली पूर्ण नाव, शाळा, घराचा पत्ता.

"गुरुजी, इथे कोणी खरं नाव टाकत नाय," फैझान म्हणाला होता. "हा बघा तेजीसम्राट, हा मंदीवाला अस्वल नऊ."

"कीर्तनाला बुरखा घालून उभा राहू का मी?"

झालं. तेजीसम्राट आणि त्याची माणसं ह्यांच्यावर तुटून पडली. ह्या मास्तरने शेअर आधीच विकून ठेवलाय, म्हणून भाव पाडायला बोंबलतोय, असं त्यांचं म्हणणं.

"जे आपल्याकडे नाही ते विकायचं कसं?" मी घरी विचारलं.

"समज, कुणी एक सखू आहे, तिच्याकडे आंबे नाहीत. पण आज पेटीला भाव जोरात आहे. ती उसनी पेटी घेते आणि विकून टाकते. भाव पडला की स्वस्तात दुसरी घेऊन उसनी फेडते. मधला फरक तिचा."

"आणि भाव चढला तर?"

"सखू बुडाली."

"मग सखू रोज देवाला सांगणार, भाव पाड म्हणून."

"तेवढ्यावर थांबली तर बरं. आंब्यात किडे आहेत अशी आवई उठवणाऱ्याही असतात. माझ्यावर आळ आहे तो हाच."

शिव्यांचं ह्यांना काही वाटलं नाही. वाटलं ते गफूरभाईंचं. उभी उमर जहाजावर काढून जे गाठीला होतं, ते त्यांनी लेकीच्या, मनालच्या डॉक्टरकीसाठी सागरसुवर्णमध्ये घातलं होतं. विकावं की ठेवावं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न, आणि तो ह्यांच्या शब्दावर येऊन ठेपला होता. एका संध्याकाळी ते अंगणात आले, पण बसले नाहीत.

"गुरुजी, राग धरू नका. तुम्ही खरंच विकून ठेवलंय काय?"

"नाही, गफूरभाई."

"बोर्डावर सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? एकाचं तरी नाव सांगा."

गफूरभाई म्हणाले, "मला दाखवा ती तळी."

ह्यांनी बोर्डावर लिहून टाकलं की रविवारी पुन्हा जाऊन पाहतो, आणि आम्ही तिघे एसटीने निघालो. तळी तशीच कोरडी. गफूरभाईंचा चेहरा उतरत चालला होता. एवढ्यात कुठूनसा पंपाचा आवाज आला. मोठ्या बांधावर चढून पाहतो तर पलीकडे एक तळं काठोकाठ भरलेलं. भागोजी नावाच्या राखणदाराने जाळं उचलून कोलंबी ह्यांच्या हातावर ठेवली.

"हे कधी भरलं?"

"कधीचंच. बांधाआड हाय, रस्त्यावरनं कसं दिसणार?"

परतीच्या सगळ्या वाटेत गफूरभाई खिडकीबाहेर बघत बसले.

रत्नागिरीला उतरून आम्ही तडक कॅफेत गेलो. ह्यांच्या नावे अस्वल नऊचं पत्र आलेलं होतं. फैझानने वाचलं. "गुरुजी, उत्तम काम करताय. मी भरपूर विकून बसलोय. रविवारी काही वेगळं दिसलं तरी लिहू नका. तुमच्या गावच्या देवळाला सभामंडप बांधायचा असेल तर लागेल ते मी देईन."

गफूरभाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

ह्यांच्या गुरूंची एक शिस्त आहे. आख्यानात चूक झाली तर नारदाच्या गादीवर उभं असतानाच झांज थांबवायची, श्रोत्यांना नमस्कार करायचा आणि चूक सुधारायची. खाली उतरून कुणाच्या कानात सांगितलेली दुरुस्ती धरत नाहीत. ह्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फैझानला मजकूर सांगायला सुरुवात केली.

"सगळी तळी कोरडी आहेत असं मी लिहिलं होतं. ते चूक. मी रस्त्यावरून पाहिलं होतं, बांधावर चढलो नव्हतो. एक तळं भरलेलं आहे, त्यातली कोलंबी मी हातात घेतली. बाकीची कोरडी आहेत. हा शेअर माझ्याकडे नाही आणि मी तो विकलेलाही नाही. सभामंडपासाठी पैसे देऊ करणाऱ्या गृहस्थांना नमस्कार, ते नकोत."

"गुरुजी, दोन्हीकडचे फाडून खातील."

"पाठव."

आणि खाल्लंच. तेजीसम्राटाने मिरवणूकच काढली, मास्तर खोटा ठरला म्हणून. अस्वल नऊने कंपनीला विकला गेलेला भट म्हटलं. कालपर्यंत एकमेकांचे गळे धरणारे ते दोघे ह्यांच्यावर मात्र एक झाले. भले भले बुवा मी ऐकले आहेत, शाली पांघरलेले, पालखीतून आणलेले. पण त्या दिवशी कॅफेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघताना माझी मान जेवढी ताठ झाली, तेवढी कुठल्याही सभामंडपात झाली नव्हती. तेव्हा तर शेअर पडेल की चढेल, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

गफूरभाई उठले. "फैझान, दलालाला फोन लाव. उद्या माझे सगळे विकायचे."

"अब्बा, एक तळं भरलेलं निघालं ना?"

"म्हणूनच. जो माणूस भरलेलं तळं लपवत नाय, त्याने कोरडी सांगितली ती कोरडीच."

विकल्यावर शेअर आणखी चढला. हे बेचैन. "गफूरभाई, माझ्यापायी तुमचं नुकसान झालं."

"तुमच्यापायी नाय, मी माझ्या डोळ्यांनी बघून विकलं," गफूरभाई म्हणाले. "आणि मनालची फी आजच भरून आलो. आता तो आभाळाला टेकेना का."

आभाळाला काही तो टेकला नाही. शिमग्याच्या सुमारास कंपनीची चौकशी लागली आणि भाव इतका खाली आला की बोर्डावर शिव्या द्यायलाही कुणी उरेना.

मग एक दिवस तेजीसम्राटाचं पत्र आलं. ह्या वेळी मायन्यात 'आदरणीय' होतं. लोट्याच्या एका रसायनांच्या कारखान्याबद्दल बोर्डावर फार वाद चाललाय, गुरुजी, जरा जाऊन बघून याल का, आम्ही कुणावर विश्वास ठेवावा कळत नाही.

फैझान हसून हसून टेबलावर पडला. हे मात्र विचारात पडले.

"परीक्षांचे पेपर तपासून झाले की बघतो, असं लिही," हे म्हणाले.

"आणि लिही," गफूरभाई मागून म्हणाले, "बांधावर चढून बघायला बरोबर एक दर्यावर्दी येणार हाय."