वगळलेली मूठ

आमच्या डोंगरावर प्रत्येक घरची बाई भात शिजत लावण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढते. तो देवाचा. एकदा काढला की परत घ्यायचा नाही. शनिवारी मी टोपली घेऊन घरोघर जायचे आणि तो गोळा करून चर्चच्या कोठीत टाकायचे. लांबच्या गावांत गेलेले प्रचारक त्यावर जेवत.

माझा मुलगा झोखुमा झूमच्या, म्हणजे रान जाळून करायच्या शेतीच्या, आगीत मेला. तोडलेलं रान गुरुवारी पेटवायचं, असं गावाने ठरवलं होतं. कापलियानाने आपला उतार बुधवारीच पेटवला. वारा बरा होता, म्हणाला. झोखुमा वरच्या खोपटात राहिलेला कोयता आणायला गेला होता.

रविवारी कापलियाना सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला. पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "ख्रिस्ताने मला क्षमा केली, मीही याला क्षमा केली." बायका रडल्या. पाळक म्हणाले, एवढं प्रेम ज्याला मिळालं तो सेवा केल्याशिवाय राहणार नाही.

कापलियाना खरंच राहिला नाही. माझं सरपण फोडायचा, छप्पर शाकारायचा, झऱ्यावरून पाण्याचे बांबू भरून आणायचा. मी त्याला कधी चुलीपाशी बोलावलं नाही. चहा द्यायचे तो बाहेर ओट्यावर ठेवून.

आणि शनिवारी त्याचं दार टाळून पुढे जायचे. त्याची बायको रुआलझामी डबा धरून उभी असायची. पहिल्यांदा तिला वाटलं, मी विसरले. तिने हाक मारली. मी सांगितलं, टोपली भरली. टोपली अर्धीही नव्हती, आणि ते तिला दिसत होतं.

आमच्याकडे वयस्क बाईला मानाने 'पी' म्हणतात. शेजारणी माझी थट्टा करायच्या, की पी दारथुआमीचे गुडघे नेमके त्याच दाराशी कसे दुखतात. मीही हसायचे.

एकदा सरपण उतरवताना कापलियाना म्हणाला, "पी, मला काय हव्या त्या शिव्या द्या. पण मूठ घ्या. ती मी तुम्हाला देत नाही."

"लाकडं ओली आहेत," मी म्हटलं. "उद्या सुकी आण."

त्याने आणली.

नवव्या वर्षी बांबू फुलला आणि त्याचं बी खाऊन उंदीर माजले. उंदरांनी एकही शेत ठेवलं नाही. लोक रानात कंद खणू लागले. ज्याला झेपेल त्यानेच मूठ काढावी, असं पाळकांनी सांगितलं. माझ्या टोपलीत तांदूळ तळालाच राहायचा. रुआलझामी तरीही डबा घेऊन उभी. तिची मनगटं काटक्यांसारखी झाली होती. मी पुढे गेले.

कापलियाना शेवटचा आला तेव्हा त्याच्या पाठीवर चारच लाकडं होती. पायरीवर बराच वेळ बसला. आठवड्यात गेला.

मयताला बसायला म्हणून मी त्यांच्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं. भिंतीला लागून डब्यांची रांग होती. रुआलझामीने एकाचं झाकण काढलं. आत तांदूळ होता, वर पोरकिड्यांचा भुगा.

"खाल्ला का नाहीत?" मी विचारलं.

"देवाचा होता. पी या शनिवारी येतील, म्हणायचे ते. दर शनिवारी म्हणायचे."

पुढच्या रविवारी कोणी न विचारता ती चर्चमध्ये उभी राहिली. म्हणाली, "ख्रिस्ताने मला क्षमा केली, मीही पी दारथुआमीला क्षमा केली." कशाची, ते कोणालाच कळलं नाही. पाळकांना बरं वाटलं.

शनिवारी मी टोपली घेऊन सगळ्यांत आधी तिच्या दारी गेले. ती डबा घेऊन उभी नव्हती. आतून एक पेला घेऊन आली.

"चहा घ्या, पी," म्हणाली. पेला ओट्यावर ठेवला आणि दार लोटून आत गेली.

मी चहा प्याले. ओट्याच्या कडेला तिचे पाण्याचे बांबू रिकामे पडले होते. ते टोपलीत भरले आणि झऱ्याकडे निघाले.