छातीवर नाग

वैशाखाचे माध्यान्ह. तप्त, ताम्रवर्ण, निष्ठुर. काजूच्या बागेत सावल्या झाडांच्या पायाशी आक्रसून बसलेल्या, आणि तांबड्या धुळीवर उन्हाचा पांढरा, आंधळा जाळ.

द्वारका त्या जाळातून अनवाणी आली. सकाळीच धाकट्या दिराने, भिकाजीने, तिच्या वाट्याच्या बागेचे कुंपण उपटून फेकले होते. नवरा जाऊन वर्षही झाले नव्हते. भांडायला आली खरी, पण शब्द ओठांतच थांबले. झाडाखाली घोंगडीवर भिकाजी उताणा, गाढ, निर्धास्त झोपला होता.

आणि दगडी गडग्याच्या फटीतून तो निघाला. कृष्णकांती, मंदगामी, नागमोडी. पाचोळ्यातून सळसळत, धुळीवर वळणामागून वळण रेखीत, तैलस्निग्ध देहाची लाट पुढे लोटीत तो घोंगडीवर चढला. भिकाजीच्या छातीवर वेटोळे घालून स्थिरावला. फणा उभारला. दुभंगी जीभ लवलवली.

द्वारका पाहत राहिली.

तिच्या मनातही काहीतरी संथपणे सरपटत वर आले. शीत, चकचकीत, गोड. नुसते गप्प राहायचे. हात लावायचा नाही, बोट लावायचे नाही. भिकाजी कूस बदलेल, आणि बाग तिची होईल. ती गप्प राहिली. ऊन गप्प राहिले. फणा डुलत राहिला.

झोपेत भिकाजीचा हात चाळवला, आणि तिचे ओठ तिला न विचारता उघडले.

"भावोजी, हलू नका. छातीवर नाग आहे."

त्याचे डोळे उघडले, विस्फारले. जन्मात ज्याने तिचे ऐकले नव्हते, तो तिच्या एका शब्दावर पाषाण होऊन पडला. श्वासही तिच्याकडे बघत बघत घेऊ लागला.

मग फणा मिटला. वेटोळे उलगडले. तो वक्रगती भुजंग छातीवरून ओघळला, दोघांच्या मधून सरसरत गेला, गडग्याच्या काळोखात विरला.

भिकाजी उठून बसला. घामाने निथळत.

"किती वेळ बघत होतीस?"

"पुष्कळ वेळ," द्वारका म्हणाली. "सांजेच्या आत कुंपण घालून द्या, भावोजी."

त्याने मान हलवली. पण नजरेत कृतज्ञता नव्हती. होता तो विखार, जुना, जर्द, जळजळीत. तिच्याही नजरेत दुसरे काही नव्हते.

मधल्या धुळीत सर्पाची रेघ उमटली होती. एका काठाला तो, एका काठाला ती. वारा पडलेला. रेघ तशीच राहिली, वळत, वळत, वळत.