वाटीचा तळ

थोरल्या जावेनं धाकटीच्या हाती विश्वासानं पहिल्यांदाच काही सोपवलं, आणि तेही चावणारं.

घर एकच, मजले दोन. वर थोरली, तिचा नवरा आणि एक पोपट. खाली धाकटी आणि तिचा ट्रक चालवणारा नवरा, जो महिन्यातून जेमतेम आठवडाभर घरात सापडायचा. थोरली शिवणकाम करायची, मापाची पक्की. इकडची कात्री तिकडे झालेली तिला डोळे मिटूनही कळायची. तिच्या मशीनशेजारी खिडकीत पिंजरा टांगलेला असे. पोपटाला सगळे साहेब म्हणायचे, कारण तो दांडीवर सकाळपासून येरझाऱ्या घालायचा आणि कुणाच्याच कामावर खूश नसायचा.

थोरलीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं धाकटीला वर बोलावलं आणि पिंजऱ्यापुढे उभं केलं.

"नीट ऐक. सकाळी बियांचा एक चमचा. सपाट. शीग लावून नाही. दुपारी चिरलेली भाजी, गाजर, मटार, पालक, सगळं मिळून तुझी अर्धी मूठ. संध्याकाळी सफरचंदाची फोड, अंगठ्याच्या नखाएवढी, आतल्या बिया काढून. शेंगदाणा आठवड्यातून एक. आजच दिलाय, तेव्हा तू देऊच नकोस."

"आपल्या घरात इतकं मोजूनमापून कुणालाच वाढत नाहीत, वहिनी."

"हसू नकोस. डॉक्टरांनी सांगितलंय, बिया खाऊन खाऊन चरबी चढलीय. यकृत सुजलं की संपलंच. तो मागेल, ओरडेल, नाटकं करेल. तू विरघळायचं नाही. एक दाणा जास्त गेला तर बघ." आणि मग, पिंजऱ्याची कडी घट्ट करता करता, "तुझं सगळं वरवरचं असतं, म्हणून चार वेळा सांगतेय."

हे वाक्य धाकटी या घरात आल्यापासून ऐकत होती. वरवरचा केर, वरवरची घडी, वरवरचं बोलणं. इतर वेळी तिनं फाडकन उत्तर दिलं असतं, पण थोरली लावलेली कडी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होती. ती घाबरली होती, ऑपरेशनला की पोपटाला सोडून जायला, कोण जाणे. धाकटीनं मान हलवली. या वेळी तिला बोट ठेवायला जागाच द्यायची नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं.

तशी धाकटी काही अगदीच गबाळी नव्हती. ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपाच्या टेबलावर होती. जेवणाच्या सुट्टीत तिथं माणसांचा लोंढा यायचा, आणि कुठल्या भांड्यात काय उरलंय हे तिला लांबूनच नुसत्या नजरेनं कळायचं. तिथला नियम एकच होता. भांड्याचा तळ दिसला की भरायचं, तोवर हात लावायचा नाही. उरलेल्यावर नवं ओतलं की अन्न वाया जातं, आणि अन्न वाया गेलं की मुख्य आचारी सगळ्यांदेखत उद्धार करतो. हा नियम तिच्या अंगात इतका मुरला होता की घरी मिठाची बरणीसुद्धा ती तळ दिसल्याशिवाय भरत नसे.

पहिल्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ती वर गेली. चमचा घेतला, सुरीच्या पाठीनं बिया सपाट केल्या, वाटीत ओतल्या. वाटी ती केवढीशी, बाहुलीच्या भांडीकुंड्यात शोभावी अशी, चमचाभरानंच भरून गेली. साहेब तिरक्या मानेनं बघत होते. ती वळली तसा मागून कट् कट् आवाज सुरू झाला आणि तिला आपलंच कौतुक वाटलं.

दुपारी कामावरून परतल्यावर तिनं भाजी ठेवली. साहेबांनी गाजराचा एकेक तुकडा उचलून खाली टाकला, तिच्या डोळ्यांत बघत. पालकावर पाय ठेवून उभे राहिले. संध्याकाळी सफरचंद मात्र खाल्लं. वाटी पाहिली तर बियांनी भरलेलीच. सकाळी कट् कट् ऐकलं होतं ते काय होतं मग? पिंजऱ्याचा गज चावत असेल मेला, असं म्हणून ती खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमचा हातात घेऊन ती थांबली. वाटी तशीच, काठोकाठ. करडई, राळं, मध्येच सूर्यफुलाचं काळं बी. कालचंच जसंच्या तसं. म्हणजे हा खातच नाही. तळ काही दिसत नव्हता. त्यावर आणखी ओतलं आणि त्यानं एकदम सगळं गिळलं तर? एक दाणा जास्त गेला तर बघ, असं बजावून ठेवलेलं. तिनं चमचा परत डब्यात रिकामा केला.

आणि साहेबांनी तिच्यावर फुंकर मारली.

म्हणजे तिला तसं वाटलं. मान पुढे काढून, चोच किंचित उघडून त्यानं आवाज काढला, "फू." मग पुन्हा, "फू, फू." बोलता येत होतं त्याला. 'ये बाई' म्हणायचा, थोरलीच्या नवऱ्यासारखा खाकरायचा, मशीनचा आवाज हुबेहूब काढायचा. पण हिच्यासाठी मात्र फक्त हे फूत्कारणं.

"हो, कळतंय, मी नकोय तुला," धाकटी म्हणाली. "मलाही हौस नाही आलेली."

पण कामावर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाढताना डाव हवेत राहायचा. माणसं ताट धरून ताटकळायची. आचाऱ्यानं विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?"

"जाऊ दवाखान्यात आहे."

"मग होईल की बरी."

"ती होईल हो. तिचा पोपट खात नाहीये."

आचारी पोट धरून हसला. तिला रडू यायचं बाकी होतं.

संध्याकाळी दवाखान्यात थोरलीजवळ राहिलेल्या भाऊजींचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, थोरली औषधाच्या गुंगीत होती. "डोळे उघडले की एकच विचारते. साहेब खातोय ना?"

धाकटीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. समोर साहेब दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते फिरत होते, मध्येच थांबून फू, पुन्हा फिरणं.

"खातोय," ती म्हणाली. "एकदम मजेत आहे म्हणावं."

आणि खोटं बोलून झाल्यावर तिच्या पायाला भिंगरीच लागली. ती वर जायची, वाटी बघायची, खाली यायची. भाकरी तव्यावर टाकून पुन्हा वर. अन्न समोर असून खात नाही म्हणजे हा झुरतोय, याला थोरली हवीय, आणि ती काही इतक्यात येत नाही. ती येईल तेव्हा पिंजरा रिकामा असेल. मग थोरली काही बोलणारसुद्धा नाही, नुसती बघेल. ते बघणं आपल्याच्यानं सोसवणार नाही, हे धाकटीला आताच कळत होतं. तिनं पिंजऱ्यापुढे बसून त्याला समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. सफरचंदाची फोड त्यानं झडप घालून हिसकावली आणि तिच्या बोटाला रक्त काढलं. दुसरी फोड द्यावी असं मनात आलंही, पण ती विरघळली नाही. थोरलीला दिलेला शब्द तिनं दातओठ खाऊन पाळला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर आवाज नव्हता. वाटी भरलेली होती. साहेब दांडीवर एकाच जागी बसले होते. कामावर जाऊन तिनं अर्धा तास कसाबसा काढला, मग डाव शेजारणीच्या हातात कोंबला आणि निघाली. आचारी मागून ओरडला, तिनं वळूनही पाहिलं नाही.

दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत ती वर आली. साहेब आता दांडीवरही नव्हते. पिंजऱ्याच्या तळाशी, टाकलेल्या गाजरांत, पिसं फुलवून बसले होते, डोळे अर्धे मिटलेले. येरझाऱ्या संपल्या होत्या. तिनं पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते बाहेर होते, तासाभरानं येणार होते. तिथल्या मुलीनं सांगितलं, "तोवर ऊब द्या त्याला. पिंजरा गुंडाळा कशानं तरी."

धाकटी धावत खाली आली. अंगणात, बरोबर वरच्या खिडकीखाली तिची कपड्यांची दोरी होती. चादरी पिळून टाकलेल्या होत्या आणि टोकाला जाड टॉवेल वाळला होता. तिनं तो ओढला आणि सवयीनं झटकला.

काहीच पडलं नाही.

तिनं पुन्हा झटकला. एवढ्याशा त्या टॉवेलावरून दोन्ही जावांची किती भांडणं झाली होती! रोज सकाळी धुऊन टाकलेल्या कपड्यांवर वरून फोलपटं यायची, ओल्या कापडाला चिकटून बसायची. "तुमचा साहेब माझ्या अंगणात कोंडा टाकतो," धाकटी खालून ओरडायची. वर खिडकीत थोरली उभी असायची, वाटी तोंडाशी धरून, आणि फुंकत असायची. उत्तरही न देता. फू, फू. धाकटीला वाटायचं, ही मुद्दाम करते, आपल्याला चिडवायला.

तीन दिवस कपडे स्वच्छ होते. तिला तर त्याचा आनंदच झाला होता.

टॉवेल घेऊन ती जिना कसा चढली हे तिला नंतर आठवेना. वाटी तिनं हिसडून काढली, खिडकीशी नेली आणि फुंकली. वाटीतलं सगळंच्या सगळं उडालं. करडई, राळं, सूर्यफुलाचं काळं बी, सगळं हवेत तरंगलं, कारण त्यात काही नव्हतंच. पोपटानं आतला दाणा काढून घेऊन रिकामी टरफलं पुन्हा वाटीत टाकली होती, इतकी नीट की वरून बघणाऱ्याला वाटी भरलेली दिसावी. खाली पत्र्याचा तळ लखलखत होता. पहिल्या दिवसापासून तो तसाच असणार.

आपण उपाशी मारला याला. भरल्या वाटीपुढे बसवून, शिस्तीत. आणि हा बिचारा फू, फू करून सांगत होता की बाई, फुंक.

तिनं पिंजऱ्याभोवती टॉवेल गुंडाळला, वाटीत थोड्या बिया टाकल्या आणि ती तळाशी त्याच्यापुढे ठेवली. साहेबांनी डोळा उघडला, मिटला. तिनं एक दाणा चोचीला लावला. तो घरंगळून गेला.

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजी असतील म्हणून तिनं उचलला, पण पलीकडे थोरली होती. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"खातोय ना गं?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही, वहिनी. मी वाटी फुंकलीच नाही. मला भरलेली दिसत होती. मी वरून बघितलं." आणि मग तिचा बांध फुटला. "तो खाली बसलाय. आता दाणा घेतच नाहीये. डॉक्टर यायचेत. मी काय करू?"

धाकटी ऐकून घ्यायला तयार होती, काहीही. 'वरवरचं' म्हण, लाख वेळा म्हण.

"फोन त्याच्याजवळ धर," थोरली म्हणाली.

धाकटीनं फोन गजांना टेकवला. फोनमधून आधी खरखर आली, मग अगदी हलकी फुंकर. "फू."

साहेबांची मान हलली. पिसं थोडी बसली.

"फू, फू."

"फू," साहेब म्हणाले, बारीक आवाजात. ते उठले, तोल सावरत, एक पाऊल, दुसरं पाऊल, वाटीपर्यंत आले. चोच आत गेली.

"काय करतोय?" थोरली विचारत होती. "सांग ना. खातोय का?"

कट्, असा आवाज आला. मग पुन्हा कट्.

"खातोय," धाकटी म्हणाली. या वेळी तिनं फोन गजांशी तसाच धरून ठेवला, ऐकू जावं म्हणून.

थोरली रडत होती बहुतेक. मग नाक ओढून म्हणाली, "मी तुला सांगायलाच विसरले. इतकी वर्षं रोज करते, ते सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. डॉक्टर आले की सगळं खरं सांग त्यांना. आणि वाटीत बघ, टरफलं साठली असतील आतापर्यंत."

धाकटीनं वाटी अलगद काढून खिडकीशी नेली.

"थांब," थोरली म्हणाली. "खाली तुझे कपडे असतील."

खाली दोरीवर दोन चादरी होत्या, ओल्या, पांढऱ्याशुभ्र.

"असू देत," धाकटी म्हणाली, आणि तिनं फुंकर मारली.