उजव्या टोकाचा वाइस

जुनी मोटार विकली गेली, गॅरेज रिकामं झालं आणि सुतारकाकांनी बायकोला सांगून टाकलं, की आता इथे आपलं वर्कशॉप होणार. फर्निचरच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस निवृत्त झाला म्हणून स्वस्थ थोडाच बसणार, हे काकूंना ठाऊक होतं. पण घरखर्चातून एक पै मिळणार नाही, हे त्यांनीही तेवढ्याच गोडीने सांगितलं.

मग काय, काका उकिरडे फुंकत हिंडायला लागले. शेजाऱ्यांनी काढून टाकलेलं दार कामाच्या टेबलावर चढलं, मोडक्या पलंगाचे पाय त्याच्या खाली लागले. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांची झाकणं फळीखाली स्क्रूने पक्की झाली. बरणी फिरवून काढा आणि हवे ते खिळे घ्या. विकत आला तो फक्त वाइस, लाकूड जबड्यात धरून ठेवणारा लोखंडी गडी. त्यासाठी काका भंगारवाल्याला मनगटावरचं घड्याळ देऊन आले.

हा वाइस त्यांनी टेबलाच्या उजव्या टोकाला बसवला. समोरचा मेकॅनिक बघायला आला आणि हसत सुटला. उजव्या हाताने रंधा मारणाऱ्याला वाइस डाव्या टोकाला लागतो, एवढंही विसरलात का, म्हणाला. काका काही विसरले नव्हते. त्यांची लेक डावखुरी होती.

लहानपणी खोक्यावर उभी राहून ती त्यांच्या शेजारी रंधा मारायची. आता दूरच्या शहरात नोकरीला होती आणि दोन वर्षांत घरी फिरकली नव्हती. या सुट्टीत महिनाभर येते, आपण दोघं मिळून माझ्यासाठी टेबल करू, असं फोनवर म्हणाली होती. काकांना तेवढं पुरे होतं. "बाजारात तुरी," काकू पुटपुटायच्या, पण गॅरेज दिवसातून दोनदा झाडायच्या त्याच.

आणि फोन आला. रजा मिळत नाही, पुढच्या वर्षी नक्की. काम आधी, काम आधी, असं काका दोनदा म्हणाले, फोन ठेवला आणि गॅरेजात जाऊन उभे राहिले. टेबल गेलं खड्ड्यात. त्यांना पोर हवी होती.

काकू चहा घेऊन मागोमाग आल्या. त्यांची नजर वाइसवर गेली.

"चारच तर बोल्ट आहेत," मग त्या म्हणाल्या. "घ्या डावीकडे. निदान तुमच्या हाताला तरी येईल."

काकांनी पाना घेतला. एक बोल्ट सैल केला, जरा थांबले आणि पुन्हा आवळला. वाइसमध्ये फळी धरली आणि रंधा डाव्या हातात घेतला. उभ्या आयुष्यात असा धरला नव्हता. रंधा अडखळत गेला आणि एका जागी रुतून बसला.

"वाकडं जातंय हो."

"जाऊ दे. तिचंही पहिल्यांदा असंच गेलं होतं."

काकूंनी चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला आणि फळीचं दुसरं टोक हाताने दाबून धरलं.

"मग मनगट सैल सोडा," त्या म्हणाल्या. "तिला असंच सांगायचात ना?"

काकांनी मनगट सैल सोडलं. या वेळी ढलपी सरळ निघाली, पण डोळे भरून आले होते, त्यामुळे ती त्यांना दिसली नाही.