तादालाच्या मागून आलेली पेज

शाळेत पेज शिजू लागली, तेव्हा तादालाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

नाम्पेया गावाच्या शाळेमागं विटांची स्वयंपाकाची खोली उभी राहिली, तीत दोन मोठ्या चुली बसल्या आणि एके दिवशी मका-सोयाबीनच्या पिठाची पोती भरलेला ट्रक आला. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्या आयांनी आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीनं येऊन पेज शिजवायची, असं ठरलं. मुख्याध्यापकांनी सगळ्या बायांना झाडाखाली बसवून नावं लिहून घेतली. त्यात फालेसीचं नाव यायचं कारणच नव्हतं. तिची धाकटी उलेमु तेव्हा चार वर्षांची होती आणि थोरलीचं, तादालाचं, नाव हजेरीपटातून कधीच खोडलं गेलं होतं.

नावं लिहून झाली, बाया कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्यांवरची माती झटकून उठल्या, तरी फालेसी बसूनच राहिली.

"तू कशाला थांबलीस गं?" एनेलेसीनं विचारलं. एनेलेसी म्हणजे त्या बायांची पुढारी. सहा मुलांची आई, अंगानं दांडगी आणि आवाज असा की नदीपलीकडच्या शेळ्या दचकाव्यात.

"माझंही नाव घाला."

"तुझं कोण आहे शाळेत..." एनेलेसी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"कोणी नाही," फालेसी म्हणाली. "म्हणून तर सकाळी मला घाई नसते. मी लवकर येऊ शकते."

मुख्याध्यापकांनी वहीवरून मान वर केली. नियम तर आयांचा होता. एनेलेसीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हात झटकला. "लिहा सर. लाकडं फोडायला कोणीतरी लागतंच. आणि हिचा हात बघा, कुऱ्हाडीचाच आहे."

असं फालेसीचं नाव लागलं, गुरुवारी आणि शुक्रवारी.

पहाटे तांबडं फुटायच्या आधी ती उलेमुला पाठीशी बांधून निघायची. मुलांना घरून येताना एकेक लाकूड आणायची सवय लावली होती, त्यामुळे सरपण तयार असायचं. पाण्याला आधण आलं की पीठ थंड पाण्यात कालवून ओतायचं आणि मग ढवळत राहायचं. चाटू माणसाच्या उंचीचा. दोघींनी धरला तरी खांदे भरून यायचे.

"अगं, पेज ढवळतेयस की पोराला झोका देतेयस?" एनेलेसी ओरडायची. "जोर लाव! तळाला लागली तर चारशे पोरं तुझ्या नावानं बोंब मारतील."

"तुम्हीच लावा जोर. तुमच्या दंडाला आणखी काय काम आहे?" फालेसीही कधीकधी उलट बोलायची. बाया हसायच्या. पूर्वी ती कोणाला उलट बोलत नसे.

पेजेनं शाळा बदलली, हे डोळ्यांनी दिसत होतं. आधी दहा वाजले की खालच्या वर्गांत निम्मी मुलं बाकावर डोकं टेकायची आणि जानेवारी-फेब्रुवारीत, कणग्या रिकाम्या आणि शेतातला मका अजून कोवळा, अशा दिवसांत तर अर्धी शाळा घरीच असायची. कोणी नदीवर मासे धरायला, कोणी दुसऱ्याच्या शेतात निंदायला. आता त्याच दिवसांत शाळा फुलून जायची. चारशेची साडेसहाशे मुलं झाली. आपापले मग हातात घेऊन रांगेत उभी राहायची, ढकलाढकली करायची, पेज पिऊन झाल्यावर मगाच्या तळाशी बोट फिरवून चाटायची. शेजारच्या बालवाडीलाही एक बादली जायची, त्यातली उलेमुला मिळायची.

फालेसी वाढायला कधी बसत नसे. ढवळणं, लाकडं, भांडी, काहीही सांगा. पण पळी हातात घेऊन पोरांच्या रांगेसमोर बसायची वेळ आली की तिला नेमकं पाणी आणायला जायचं असे. एनेलेसीच्या ते लक्षात आलं होतं. तिनं कधी विचारलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. मग नवी योजना आली. लांबून येणारी पोती पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की अडकून पडायची, आणि नेमकी भुकेच्या महिन्यांतच चूल थंड राहायची. म्हणून आता शाळा गावातल्याच शेतकऱ्यांकडून मका, सोयाबीन घेणार होती. शिवाय पेजेत पिवळं रताळं घालायचं आणि दाण्याचं कूट. जिल्ह्याहून एक तरुण पोषण अधिकारी आली. तिनं मुलांच्या दंडांना रंगीत पट्टी लावून मापं घेतली आणि मग गावाला समोर बसवून समजावून सांगितलं.

"नुसत्या मक्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. दाण्यानं अंगात जोर येतो, रक्त यायला मदत होते. मूठभर दाणे, रोज. तेवढ्यानं पोर आजाराला तोंड देऊ शकतं. या गावात शेंगा कोणाच्या चांगल्या होतात?"

"फालेसीच्या!" दोन-चार जणी एकदम म्हणाल्या. एनेलेसीनं तर तिचा हात धरून वर केला आणि अधिकारी बाईंना अदबीनं म्हणाली, "हिच्या शेंगांसारख्या शेंगा साऱ्या पंचक्रोशीत नाहीत, अमायी. टपोऱ्या, एकही पोचट नाही. आणि ही बया स्वतः एक दाणा तोंडात घालत नाही. सगळ्या वाटून टाकते नाहीतर बाजारात नेते."

अधिकारी हसली. "मग शुभारंभ तुमच्यापासूनच करू या."

फालेसीनं हात सोडवून घेतला, उठली आणि सगळ्यांच्या देखत घराकडे चालू लागली.

तादाला गेली त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. म्हणजे पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा दूर परदेशात, जोनीला गेलेला. सोन्याच्या खाणीत काम मिळालं असा एक निरोप आला होता, पुढं काही नाही. डिसेंबर संपला तरी जमीन भिजली नव्हती आणि घरात खायला कोंड्याची पातळ पेज उरली होती, तीही एक वेळ. फक्त कोपऱ्यातल्या मडक्यात बियाण्याचे दाणे होते. पोरींनी हात घालू नये म्हणून फालेसीनं त्यात राख कालवून ठेवली होती.

तादाला नऊ वर्षांची होती. एके सकाळी शाळेला निघताना ती त्या मडक्यापाशी जाऊन बसली.

"आई, थोडेसे दे ना. मी धुऊन खाते. राख लागली तरी चालेल."

"ते बी आहे. बी खाल्लं तर पुढच्या वर्षी काय खाशील?"

"पाचच दे."

"ऊठ तादाला. शाळेत जा. बाकीची पोरं जातातच ना उपाशी?"

तादाला उठली आणि गेली. हट्ट करायचा तिचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. फालेसीनं तादालाला बरोबर घेऊनच दाणे पेरले. खड्डा आई करायची, दाणा लेक टाकायची. एकही दाणा तिनं तोंडात घातला नाही. फालेसीनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं म्हणून तिला ते पक्कं ठाऊक होतं. पुढं तेच आठवून ती स्वतःला खायची, की आपण पाहत होतो.

पंधरा दिवसांनी तादाला शाळेत हातपंपाजवळ चक्कर येऊन पडली. मुलींनी तिला घरी आणलं. संध्याकाळपर्यंत ताप चढला. दवाखाना दोन तासांच्या वाटेवर. फालेसीनं तिला पाठीशी बांधून नेलं आणि त्या वाटेवर तिला पहिल्यांदा जाणवलं की एवढी मोठी पोरगी पाठीवर जड लागत नाहीये. मलेरिया होता. नर्सनं पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "हिच्या अंगात रक्तच कुठे आहे?" तिसऱ्या दिवशी दुपारी तादाला गेली.

एप्रिलमध्ये शेंगा निघाल्या. गावात कोणाच्या झाल्या नाहीत इतक्या.

सभेतून उठून आल्याला दोन दिवस झाले. फालेसी शाळेकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काचाले सर तिच्या अंगणात आले. तिसरीच्या वर्गाचे शिक्षक. वीस वर्षं याच शाळेत होते, आता केस पांढरे झाले होते. हातात टोपी धरून ते अंगणाच्या कडेला उभे राहिले.

"दिवस बरा गेला ना, अमायी?"

"बरा गेला सर. तुमचा?"

"बरा."

फालेसीनं खुर्ची आणली. ते खुर्चीवर बसले नाहीत, ओट्याच्या कडेला टेकले. त्यांना एनेलेसीनं पाठवलं असेल, असं तिला वाटलं.

"शेंगांचं विचारायला आलात का?"

"नाही." सर थोडा वेळ टोपी फिरवत बसले. "त्या दिवशी तुम्ही उठून गेलात. मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे गेलात. मी समोरच बसलो होतो."

"तुमच्यामुळे कशाला?"

"तादाला हातपंपाजवळ पडली, ते तुम्हाला मुलींनी सांगितलं असेल. ती तिथं का गेली होती, ते सांगितलं का?"

फालेसीनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"वर्गात झोपली होती. आठवडाभर झोपत होती. मी म्हटलं, आळशी झालीय. तिला बाहेर उन्हात उभं केलं. तासभर. मग म्हटलं, जा, तोंड धुऊन ये." सरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "ती पडली तेव्हा खिडकीतून मला दिसलं. मला वाटलं, सोंग करतेय. मी फळा पूर्ण लिहून काढला आणि मग बाहेर गेलो."

अंगणात कोंबडी माती उकरत होती. फालेसी तिच्याकडे बघत राहिली.

"आता पेज पिऊन पोरं बसतात ना," सर म्हणाले, "तेव्हा एकही झोपत नाही. वीस वर्षं मी ज्यांना आळशी म्हणत आलो, ती कोण होती, हे मला या तीन वर्षांत कळलं. बाकीच्यांच्या आयांना सांगायला मी कुठं जाऊ? निम्म्यांची नावंही आठवत नाहीत. तादालाचं आठवतं."

फालेसी म्हणाली, "तिनं माझ्याकडे पाच दाणे मागितले होते सर. मी दिले नाहीत."

मग तिनं मडक्याचं, राखेचं, पेरणीचं सगळं सांगितलं. हे ती कोणाजवळच बोलली नव्हती. सरांनी मान खाली घालून ऐकलं. "पाच दाण्यांनी काही झालं नसतं, अमायी," असं म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं असावं, पण म्हणाले नाहीत. मूठभर दाणे रोज, हे त्या सभेत दोघांनीही ऐकलं होतं.

जाताना ते म्हणाले, "शिव्या द्यायच्या असतील तर द्या. मी थांबतो."

"शिव्या देऊन काय करू?" फालेसी म्हणाली. "तुम्ही एक करा. पुन्हा कोणी पोर वर्गात झोपलं, तर आधी त्याच्या घरी जा."

सरांनी मान हलवली. ते गेल्यावर ती आत आली, जमिनीवर पालथी पडली आणि रडली. उलेमु शाळेतून येईपर्यंत तशीच पडून होती.

दुसऱ्या दिवशी तिनं शेंगांचं पोतं डोक्यावर घेतलं आणि शाळेत नेऊन टाकलं. बायांनी शेंगा फोडल्या, दाणे भाजले, दोघीदोघींनी मुसळं धरून उखळात कुटले. भाजल्या दाण्यांचा वास वर्गांपर्यंत गेला आणि पहिलीची पोरं गुरुजींना न विचारताच दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी पेजेचा रंगच वेगळा होता. एनेलेसीनं पळीभर फालेसीसमोर धरली.

"चाखून बघ."

"नको."

"मीठ-साखर कळायला नको का?"

"तुम्ही चाखा."

एनेलेसीनं पुढं आग्रह केला नाही. तिला काचाले सरांनी काही सांगितलं होतं की काय, कोण जाणे.

वर्षभरानं ती अधिकारी पुन्हा आली आणि पट्टी लावून गेली. आधीच्या वेळी लाल रंगावर थांबलेले दंड आता बहुतेक हिरव्यावर गेले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फालेसीनंही वाजवल्या.

उलेमु तेव्हा आठाची व्हायची होती, दुसरीत. तिचा शाळेचा फ्रॉक फाटून पार गेला होता. रविवारी दुपारी फालेसीनं पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून तादालाचा निळा फ्रॉक काढला. तिसरीत असताना शिवलेला. थोडा मोठा होईल, पण खालून दुमडून टाका घालू, असा तिचा विचार होता.

फ्रॉक उलेमुच्या खांद्यातच अडकला. ओढून खाली घेतला तर पाठीची बटणं वीतभर लांब राहिली.

"हा कोणाचा आहे आई? बाळाचा?"

"तुझ्या ताईचा."

"पण ताई तर माझ्याहून मोठी होती ना?"

"मोठी होती," फालेसी म्हणाली. तिनं फ्रॉक हळूच डोक्यावरून काढून घेतला. उलेमु पळत बाहेर गेली.

आपली उद्याची पाळी बदलून घ्यायची होती म्हणून एनेलेसी आली, तेव्हा फालेसी पेटीपाशीच बसली होती. फ्रॉक मांडीवर पसरलेला. एनेलेसीनं दारातून आधी बाहेर उलेमुकडे पाहिलं, मग फ्रॉककडे. ती खाली बसली. हातानं फ्रॉकची छाती मोजून पाहिली, एक वीत आणि चार बोटं.

"नऊची होती ना गं?"

"नऊ पूर्ण. दहावं लागलं होतं." फालेसीनं कापडावरची सुरकुती बोटानं सपाट केली. "मी सगळ्यांना सांगायची, पोर अंगानंच बारीक आहे, माझ्यावर गेलीय."

एनेलेसीनं फालेसीचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या. बाहेर अंगणात उलेमु दोरीवरच्या उड्या मोठ्यानं मोजत होती. साठ झाल्या, सत्तर झाल्या, तरी तिला दम लागत नव्हता.